मुठीत धरलेलं रक्त

आमच्या रक्तपेढीत भाऊ कधीच ‘सँपल’ म्हणत नसत. ते ‘मानूस’ म्हणत. सकाळी आले, कोपरापर्यंत हात धुतले, नॅपकिन खांद्यावर टाकला की पहिला प्रश्न ठरलेला, “किती मानसं आली?” म्हणजे रक्ताच्या किती नळ्या आल्या. “अकोटचं मानूस कुठी हाये? फ्रीजमंधी? कोनं ठेवलं फ्रीजमंधी?” बाहेर खिडकीशी उभ्या असलेल्या नातेवाइकांना हे सगळं ऐकू जायचं. एकदा कुणाचा तरी धक्का लागून एक नळी फरशीवर पडली आणि भाऊ ओरडले, “अबे, मूर्तिजापूरचं मानूस सांडवलं ना तुमी!” बाकावर मूर्तिजापूरचे एक गृहस्थ बसले होते. ते ताडकन उठले आणि आधी त्यांनी स्वतःच्याच छातीला हात लावून पाहिला.

मी अकोल्याच्या त्या रक्तपेढीत लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, आणि सांगताना मला काही वाटत नाही. बाबा हंगामात वरूडला जाऊन संत्र्याच्या पेट्या भरायचे, आई निंदणाला जायची. मी चांदूर बाजारहून रोज एस.टी.नं अमरावतीला जाऊन बी.एस्सी. केलं, मग लॅबचा डिप्लोमा केला. निकाल लागला तेव्हा बाबांनी तो कागद सगळ्या वस्तीत फिरवला होता. दाखवून परत आणेपर्यंत त्याच्या घड्या पडून चार तुकडे व्हायची वेळ आली होती.

आणि भाऊ मॅट्रिक. रक्त काचेच्या बाटल्यांतून यायचं त्या काळात ते बाटल्या धुवायला लागले होते. बाटल्या धुता धुता एकेक काम शिकत टेबलापर्यंत पोचले. मी लागले तेव्हा त्यांची निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आली होती. पहिल्या दिवशी मला वरपासून खालपर्यंत बघून ते म्हणाले, “बी.एस्सी. का? बरं हाये. हात दाखव.” मी हात पुढे केले. त्यांनी तळवे उलटसुलट करून पाहिले, बोटं दाबली आणि म्हणाले, “थंडे हाये. चालन. काम करून करून गरम होतीन.”

मला राग आला होता. चार वर्षं पुस्तकं वाचून आले ती हात दाखवायला?

लोक त्यांना माघारी चक्रम म्हणत, आणि चक्रम म्हणावं असं त्यांच्यात पुष्कळ होतं. अकोल्याचा मे महिना ज्याने काढलाय त्याला मी काय सांगणार. तशा मे महिन्यातही भाऊंच्या अंगात बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर. त्याला आतून, पोटाशी, बायकोकडून एक खिसा शिवून घेतलेला. ज्या नळ्या गरम ठेवायच्या त्या त्या खिशात जायच्या. कूलरवरून त्यांची सगळ्यांशी भांडणं. आम्ही घामानं निथळत कूलर लावायचो, भाऊ येऊन बंद करायचे. “तुमाले गरम होते तं बाहीर जा, झाडाखाली बसा. मानसं गारठून राहिली इथं.” माणसं म्हणजे पुन्हा नळ्याच.

कोमट पाण्यात कोपर बुडवून ते पाणी अंगाच्या उबेइतकं झालं की नाही ते सांगत. एका नव्या साहेबांनी त्यांची परीक्षा घ्यायची म्हणून तीन भांडी मांडली आणि थर्मामीटर हातात धरून उभे राहिले. भाऊंनी तिन्हींत कोपर घातला. दुसऱ्या भांड्याजवळ थांबून म्हणाले, “हे.” साहेबांनी मोजलं, सदतीस. साहेब म्हणाले, “कुठे शिकलात?” भाऊ म्हणाले, “चार पोरी हायेत मले. बायको अंगनवाडीत जाये, पोरीहीच्या आंघोया माह्याकडे.”

रक्त मोजायचं नवं मशीन आलं तेव्हा भाऊंनी त्याला हळदकुंकू लावू दिलं, नारळ फोडू दिला, आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “हे पाय, हे आपलं जावई हाये. मान द्यायचा, खुर्ची द्यायची. पन घर त्याच्या भरोशावर सोडायचं नाई. मशीन काय सांगते ते ऐकाचं, अन् मंग हाताले इचाराचं.”

खूश असले की मला ‘पोरी’ म्हणायचे. रागावले की ‘मॅडम’. पहिल्या सहा महिन्यांत मी ‘मॅडम’च जास्त होते.

आता एका लेकराचं सांगते.

डिसेंबरातला रविवार होता, दुपारची वेळ. अकोल्यात उन्हाळा जसा निर्दय तशी थंडीही कोरडी, हाडात शिरणारी. रक्तपेढीची खोली उत्तरेकडची, तिथे ऊन कधी येत नाही. भाऊ डबा घेऊन मागच्या पायऱ्यांवर उन्हात बसले होते. भाकर, वांग्याचं भरीत आणि ठेचा, आणि जेवणाच्या वेळात त्यांना हाक मारायची नाही हा नियम. टेबलावर मी एकटी होते, आणि मला ते आवडत होतं.

समोरच्या लहान मुलांच्या दवाखान्यातून एक नळी आली. अकरा महिन्यांची मुलगी, गाव दर्यापूरकडचं. हिमोग्लोबिन बघा आणि रक्ताची एक छोटी पिशवी जुळवून द्या, घाई आहे, असं डॉक्टर मॅडमनी लिहिलं होतं.

मशीनमध्ये नळी लावली. हिमोग्लोबिन चार. लेकरू पांढरंफटक असणार. पण बाकीचे आकडे एकमेकांशी मेळ खाईनात. तांबड्या पेशी इतक्या कमी दाखवत होतं की त्यात चार हिमोग्लोबिन मावणारच नाही. नळी उजेडात धरली तर काचेला आतून बारीक कण चिकटलेले, नासलेल्या दुधासारखे. मी म्हटलं, रक्त गोठलंय, घेणाऱ्यानं नीट हलवलं नाही. निरोप पाठवला, पुन्हा घेऊन पाठवा. दुसरी नळी आली. तीही तशीच. मी वैतागले. तिकडच्या नर्सला साधं रक्तही घेता येत नाही का?

तोवर पिशव्या जुळवायला घेतल्या होत्या. मुलीचा गट ओ पॉझिटिव्ह. ओ पॉझिटिव्हच्या चार पिशव्या काढल्या, प्रत्येकीतलं थेंबभर रक्त मुलीच्या रक्तातल्या पाण्याशी, म्हणजे पेशी खाली बसल्यावर वर उरतं त्या पिवळट द्रवाशी, मिसळून पाहिलं. चारही ठिकाणी गाठी. म्हणजे एकही पिशवी चालणार नाही.

खिडकीशी मुलीचा बाप आणि आजी उभे होते. बाप तिशीचा, अंगानं धडधाकट, छोटा टेम्पो चालवणारा. तो मघापासून एकच म्हणत होता, “ताई, माह्यं घ्या ना. घरचं रक्त हाये, दुसऱ्याचं कायले पायजे?” आमच्याकडे सगळ्यांनाच तसं वाटतं. घरचं तूप, घरचे गहू, तसं घरचं रक्त. खरं तर जवळच्या नात्यातलं रक्त लहान लेकराला देणं आम्ही टाळतोच, आणि भाऊंनी मला बजावून ठेवलं होतं की बापाचं, काकाचं जुळवायलाच घ्यायचं नाही. पण रांग वाढली होती, तो माणूस हटत नव्हता. म्हटलं, घेऊन टाकू, गप्प तरी बसेल. त्याचंही ओ पॉझिटिव्ह निघालं. जुळवलं. पुन्हा गाठी.

मग मी जे केलं ते मला आजही चांगलं आठवतं. मी खिडकीशी गेले आणि मोठ्यानं, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही कळावं इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाले, “नाही जुळत. कुणाचंच जुळत नाही. बापाचंही रक्त मुलीशी जुळत नाही.”

आजी पुढे सरकली. साठीची, उंच, कपाळावर मोठं कुंकू. “काय म्हनली तू? बापाचं जुयत नाई?”

“नाही.”

“कावून जुयत नाई?”

“ते मी कसं सांगू? नाही जुळत म्हणजे नाही जुळत.”

आजीनं मुलाकडे पाहिलं. मुलानं जमिनीकडे. रांगेत कुणीतरी घसा खाकरला. आजी वळली आणि रस्ता ओलांडून दवाखान्यात गेली. बाप बाकावर बसला, गुडघ्यांत डोकं घालून.

मला काही समजलं नाही. खरंच सांगते, त्या क्षणी काहीच समजलं नाही. मी पाचवी पिशवी काढायला वळले.

दहा मिनिटांत दवाखान्यातून नर्सचा फोन. “ताई, तुम्ही तिकडे काय सांगितलं ह्या लोकांना? सासूनं सुनेला वॉर्डाच्या बाहेर काढलंय. म्हणते, हे आमचं रक्तच नाही, कोनाचं पाप हाये ते आधी सांग. ती बाई दाराशी बसून रडतेय, आणि पोरगी आईसाठी ओरडून निळी पडायला आलीये. मॅडम खूप चिडल्यात.”

फोन ठेवला आणि माझे हात खरोखरच थंड पडले. पायऱ्यांवर जाऊन मी नियम मोडला. “भाऊ,” म्हटलं, “चूक झाली.”

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. उरलेली भाकर फडक्यात गुंडाळली, उठून कोपरापर्यंत हात धुतले, आत आले. मुलीची नळी उचलून तिच्यावरचं नाव वाचलं, “काय गं छकुले?” असं नळीला विचारलं, आणि नळी मुठीत धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. एक मिनिट गेलं. पाच गेली. फोन वाजत होता, खिडकीशी माणसं हाका मारत होती, आणि हा माणूस जप करत असल्यासारखा उभा.

मूठ उघडली. नळीच्या काचेवर एकही कण नव्हता. रक्त सरळ, एकसारखं, इकडून तिकडे हलत होतं.

“हे गोठलं नाई,” भाऊ म्हणाले. “याले थंडी वाजली. लाव आता तुह्या जावयाले.”

मशीनला लावलं. आकडे जिथल्या तिथे बसले. हिमोग्लोबिन मात्र चारच.

“किती खेपा टोचलं लेकराले?”

“दोनदा.”

टेबलावर माझी पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली होती. भाऊंनी ती उचलून माझ्यासमोर ठेवली. “तिच्या आंगात सगयं मिळून याच्याहून जरासंच जास्त रक्त रायते, मॅडम. अन् आता त्याच्यातलंबी अर्ध्याहून जास्त मरून गेलं हाये.” एवढंच. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, “तिचं तिच्यासंगं लावून पाह्यलं?”

नव्हतं पाहिलं. रुग्णाचं पाणी रुग्णाच्याच पेशींशी मिसळून बघायचं, ही पुस्तकातली गोष्ट. ते पान मला माहीत होतं, पानावरची आकृती उजवीकडे होती हेही आठवत होतं. घाईत, चार पिशव्या आणि एक बाप जुळवताना, मला ते सुचलं नव्हतं.

भाऊंनी डॉक्टर मॅडमना फोन लावला. फोनवर ते नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलत, जणू दर्यापूरपर्यंत ऐकू जायला हवं. “मॅडम, लेकराले मांगच्या पंधरवड्यात ताप-सर्दी झालती का? ... झालती ना. लघवी कशी हाये? ... काया चहासारखी. मंग तेच. थंडीत चिकटते, गरम केलं का सुटते. तापात ओल्या फडक्यानं पुसून राहिले का तिले? बंद करा मॅडम, पंखा बंद करा, तिले गुंडाळा. ... नागपूरले हलवता? चार घंट्याचा रस्ता, अन् हे गार हवा. मले एक घंटा द्या. नाई जमलं तं मीच गाडी बोलावतो.”

मॅडमनी एक तास दिला.

ते नेमकं काय होतं हे मला मॅडमनी नंतर नीट समजावलं. लहान लेकराला साधा व्हायरसचा ताप येतो. शरीर त्या व्हायरसला मारायला हत्यार बनवतं. ताप जातो, पण कधी कधी ते हत्यार चुकून स्वतःच्याच तांबड्या पेशींवर चालतं. ह्या मुलीच्या बाबतीत ते गारव्यात चिकटणारं होतं. हातपाय गार पडले की पेशी एकमेकींना धरतात आणि फुटतात. लेकरू पिवळट-पांढरं पडतं, लघवी काळपट होते. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप ओसरतं, पण तोवर लेकरू जगवावं लागतं. आणि गार खोलीत, गार टेबलावर, असं रक्त कुणाशीच जुळत नाही. बापाशीही नाही.

भाऊंनी पाणी कोमट करून घेतलं, कोपर बुडवला, पिशव्यांचे नमुने आणि मुलीची नळी त्यात सोडली. सगळं अंगाच्या उबेला यायला आणि त्याच उबेत जुळवून बघायला अर्धा तास तरी लागणार होता. त्या अर्ध्या तासाचं त्यांनी काय केलं, ते मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही.

“जा,” मला म्हणाले, “त्या आजीले घेऊन ये. सुनेले बी.”

“भाऊ, आत आणता येत नाही कुणाला.”

“खिडकीशी आन. तू खिडकीतूनच बोलली ना?”

मी रस्ता ओलांडून गेले. सून वॉर्डाच्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती, बाविशीची असेल. मुलगी नर्सच्या कडेवर, चादरीत गुंडाळलेली. मी म्हटलं, “या माझ्यासोबत, दोघी या.” आजी म्हणाली, “आता अजून काय आयकाचं राह्यलं?” पण आली.

खिडकीच्या फळीवर भाऊंनी तीन नळ्या मांडल्या होत्या. बापाला बाकावरून उठवून त्यांनी पुढे घेतलं. रांग तशीच उभी होती, उलट वाढली होती.

“आजी, इकडे पाहा,” भाऊ म्हणाले. “ह्या तिन्हीत तुमच्या नातीच्या रक्तातलं पानी हाये. ह्या पयल्या नळीत तुमच्या पोराचं रक्त टाकलं. दिसते?”

“दिसते. फुटलं हाये, नासल्या दुधावानी.”

“फुटलं. आता ही दुसरी. ह्याच्यात ह्या मॅडमचं रक्त. बी.एस्सी. झालेलं हाये.” रांगेत कुणीतरी हसलं. माझा दंड त्यांनी मघाशीच टोचून घेतला होता. माझाही गट ओ. “हे बी फुटलं का नाई?”

“फुटलं.”

“आता ही तिसरी. हिच्यात कोनाचं रक्त हाये, सांगा.”

आजी फळीवर वाकली.

“तुमच्या नातीचं. तिचंच रक्त, तिच्याच पान्यात. पाहा बरं.”

आजीनं नळी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली. तिसऱ्या नळीतही तशाच गाठी होत्या.

“तिचं रक्त तिच्यासंगं बी जुयत नाई,” भाऊ म्हणाले. “मंग ही पोरगी कोनाची, आजी? स्वोताची बी नाई का?”

आजीनं नळी परत फळीवर ठेवली. भाऊंनी तिन्ही नळ्या गोळा केल्या, मुठीत धरल्या. “आता थांबा थोडं,” म्हणाले, आणि पुन्हा घड्याळाकडे बघत उभे राहिले. ज्याला गडबड होती तो रांगेतला माणूसही टाचा उंचावून बघत होता. मग त्यांनी मूठ उघडली आणि नळ्या एकेक करून फळीवर ठेवल्या. बापाची, माझी, मुलीची. तिन्हींत रक्त मोकळं झालेलं.

“जुयलं,” बाप म्हणाला. बाकावर जाऊन बसल्यापासून तो पहिल्यांदाच काही बोलला.

आजीनं तिन्ही नळ्या पुन्हा एकदा पाहिल्या. माफी वगैरे काही नाही. ती म्हणाली, “म्हंजे लेकराले ऊब पायजे होती.”

“हाव.”

“अन् ते नर्स तिले थंड्या पान्यानं पुसत होती! मी म्हनतच होती, तिले गुंडायून ठेवा, माह्यं कोन आयकते?” आणि सगळा राग घेऊन ती दवाखान्याकडे निघाली. चार पावलं गेल्यावर मागे वळून सुनेवर ओरडली, “चाल ना वो! लेकरू रडून राहिलं ना तुह्यासाठी!”

सून पळत गेली.

दुसरी पिशवी उबेत जुळली. त्यातलं थोडंसं रक्त, नळीतून जातानाच कोमट होईल अशी सोय करून, मॅडमनी हळूहळू चढवलं. पिशवी गरम पाण्यात बुडवायची नाही हे सांगायला भाऊ स्वतः दोनदा रस्ता ओलांडून गेले. संध्याकाळी मी काम संपवून वॉर्डात गेले. मुलगी आईच्या मांडीवर झोपली होती. टोपरं, स्वेटर, चादर, आणि वरून आजीची शाल. ओठांवर थोडा रंग आला होता.

मी आईला म्हटलं, “माझी चूक झाली. दोनदा टोचायला नको होतं. आणि मी जे बोलले ते तर बोलायलाच नको होतं.”

ती माझ्याकडे न बघता मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “ताई, तुमी शिकेल हा. दुसरं कोनी म्हनलं असतं तं माह्या सासूनं त्याचं तोंड फोडलं असतं. तुमी म्हनलं म्हनून तिले खरं वाटलं.”

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. त्या संध्याकाळी तो निकालाचा कागद मला पहिल्यांदा जड वाटला. फेकून द्यावा असा नाही. नीट धरावा असा.

भाऊंनी त्या दिवसाचा विषय पुन्हा कधी काढला नाही. दुसऱ्या दिवशी फक्त एवढं म्हणाले की यापुढे खिडकीत ‘जुळत नाही’ हे शब्द वापरायचे नाहीत. “मग काय म्हणायचं?” मी विचारलं. “म्हनाचं, अजून पाहून राहिलो.” आजही आमच्याकडे हेच म्हणतात. नवी मुलं लागतात, त्यांना कुणीतरी सांगतं, कारण सांगत नाही. मग कधीतरी मी सांगते.

भाऊंबद्दल नुसतं शहाणपणच सांगितलं तर ते मला सोडणार नाहीत. हट्टीही होते. वरूडला संत्र्याच्या शेडमध्ये रक्तदान शिबिर होतं. हमालांची रांग लागली होती आणि भाऊ एकेकाला विचारत होते, “जेवला का?” नाही म्हटलं की परत पाठवायचे. संयोजक कावले, पाहुणे येऊन बसले होते, फोटोवाला आला होता. भाऊ म्हणाले, “फोटो काढा ना, जेवतानाचा काढा.” रांगेत माझे बाबाही होते. जेवले नव्हते. भाऊंनी त्यांना खाली बसवलं, संत्रं सोलून दिलं, आणि ओळख कळल्यावर म्हणाले, “तुमची पोरगी माह्यापेक्षा लय शिकेल हाये. पन आयकते कमी.” बाबा म्हणाले, “घरी बी तसंच हाये.” दोघं हसले. मी रक्ताच्या पिशव्यांवर नंबर टाकत होते, मान वर केली नाही. त्या दिवसापासून बाबा त्यांना आपला मित्र समजतात.

निवृत्त झाल्यावर भाऊ परतवाड्याला धाकट्या मुलीकडे राहायला गेले. कधी कधी फोन करतात. “मानसं बरी हायेत का?” विचारतात. मी म्हणते, बरी आहेत. मग कूलर चालू आहे का विचारतात आणि मी खोटं बोलते.

ते छकुलीचं कुटुंब त्याच हिवाळ्यात, जानेवारीच्या शेवटी, पुन्हा आलं होतं, मॅडमनी शेवटची तपासणी सांगितली होती म्हणून. आजीनं फडक्यात हुरडा बांधून आणला होता, पायरीवरच तो भाऊंच्या हातात दिला. मुलगी गुबगुबीत झाली होती. खिडकीच्या गजाला धरून उभी राहत होती, माझा चष्मा ओढत होती.

त्या दिवशीही थंडी होती. मी एकदाच टोचलं, चार थेंब जास्त घेतले नाहीत. तिचं रक्त तिच्याच पाण्यात घालून नळी गार फरशीच्या ओट्यावर ठेवली. भाऊ हात पाठीमागे बांधून उभे राहिले. मी नळीकडे बघत होते. खिडकीतून बाप, आजी आणि सून बघत होते. पाच मिनिटं. दहा मिनिटं. रक्त जसं होतं तसंच, मोकळं. काहीच झालं नाही, आणि ते न होणं बघायला आम्ही सगळे उभे होतो.

मी रिपोर्ट छापला. तो इंग्रजीत, आमच्या ठरलेल्या नमुन्यात. सून दहावीपर्यंत शिकलेली. तिनं कागद हातात घेतला, बघितला, आणि तसाच घडी घालायला लागली. मी म्हटलं, “द्या इकडे.” पेन घेऊन खाली मोकळ्या जागेत मराठीत लिहिलं. असं लिहायची पद्धत नाही. भाऊंनी माझ्या खांद्यावरून वाचलं, ड्रॉवरमधून शिक्का काढला आणि माझ्या अक्षरांवर नीट दाबून मारला.

सुनेनं कागद घेऊन मनातल्या मनात वाचला. तिचे ओठ हलत होते.

“काय लिवलं?” आजीनं विचारलं. “वाच.”

सुनेनं रांगेकडे पाहिलं, आवाज खाली घेतला आणि हळू वाचायला सुरुवात केली, “मुलीचं रक्त...”

“कायले लाजतं?” आजी म्हणाली. “मोठ्यानं वाच.”

सुनेनं पदर सारखा केला, मुलीला आजीच्या कडेवर दिलं, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं वाचलं, “मुलीचं रक्त चांगलं आहे. सगळ्यांशी जुळतं.”